आवाजाचा धनी

गड्ड्याच्या यात्रेचे मुख्य दिवस नुकतेच सरले होते. होम मैदानावरचे पाळणे अजून उभे होते, रस्त्यावर भेंड-बत्ताशांचे कागद उडत होते आणि सोलापूरच्या मानाने थंडी बरी होती. रात्री दोन चाळीसला मला जाग आली. कशाने आली ते कळायच्या आत खिडकीची तावदानं थरथरायला लागली.

आवाज कसा होता हे सांगायचं म्हटलं की मला एकच गोष्ट सुचते. वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कॉट ओढत नेतंय, तसा. पण आमच्या डोक्यावर मजला नाही, पत्रा आहे. पत्र्यावर कॉट ओढणार कोण? आवाज सुरू झाला, फुगला, थोडा ओसरला, परत फुगला आणि लांब लांब जात विरला. पंधरा-वीस सेकंद तरी चालला असावा. शेवटी तो संपलाय की मलाच अजून ऐकू येतोय हे समजेना. मग गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

मी दिवा लावला तर आई अंथरुणात नव्हती. ती स्वयंपाकघरात, फडताळासमोर उभी होती. फडताळाच्या वरच्या फळीवर सहा स्टीलचे पेले एकावर एक उलटे रचलेले असतात. त्या पेल्यांतून आमच्या घरात कुणी पाणी पीत नाही. आई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"पडले नाहीत," ती म्हणाली.

आम्ही दोघी बाहेर आलो. अशोक चौकाच्या मागची आमची गल्ली अर्धी अधिक जागी झाली होती. शेजारचे अण्णा मफलर गुंडाळत ओट्यावर आले. अण्णांची घरातली भाषा तेलुगू, गल्लीतली मराठी आणि देवापुढची संस्कृत. "कुठं तरी बॉयलर फुटलं की काय, बघा जरा," ते म्हणाले. समोरच्या काकू म्हणाल्या, "यात्रेतलं दारूकाम असंल." त्यावर त्यांचीच सून म्हणाली, "दारूकाम होऊन गेलंय की वो आई, आता कुठलं?" समोरच्या घराच्या वरच्या खोलीतला इंजिनिअरिंगचा मुलगा गॅलरीतून ओरडला, "फायटर जेट आहे बे, शंभर टक्के!" एक जण म्हणाला, ढगावर औषध मारणारं विमान परत आलं असेल. एवढ्यात कुणीतरी अगदी हळू आवाजात 'किल्लारी' म्हणालं. सगळी गल्ली गप्प झाली.

त्या शांततेत माझ्या एक लक्षात आलं. बोलता बोलता जो तो हात करून दाखवत होता, आणि एकाचाही हात दुसऱ्याशी जुळत नव्हता. अण्णांचा हात जुन्या मिलकडे. काकूंचा सिद्धेश्वर तलावाच्या दिशेला. मुलाचा सरळ वर. आणि आईने काही न बोलता नजर खाली, पायाखालच्या शहाबादी फरशीकडे लावली होती.

नंतर बरेच दिवस मी याबद्दल जमेल तसं वाचत राहिले. मी काही शास्त्राची विद्यार्थिनी नाही, एका दुकानाचे हिशेब लिहिते. पण हिशेबात एक आकडा जुळला नाही तरी मला झोप येत नाही. हा तसाच न जुळलेला आकडा होता.

दिशेची गोष्ट पहिल्यांदा सुटली. आपल्या दोन कानांत साधारण वीस सेंटिमीटरचं अंतर असतं. कुणी चिमटीने टिचकी वाजवली तर तो आवाज एका कानाला आधी आणि मोठा, दुसऱ्याला जरा उशिरा आणि लहान पोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. घुमणाऱ्या, खर्जातल्या आवाजाचं तसं नसतं. सेकंदाला चाळीस कंपनांचा आवाज घेतला तर त्याची एक लाट आठ-साडेआठ मीटर लांब भरते. आमच्या पुढच्या खोलीपेक्षा लांब. एवढ्या लाटेला माझं डोकं म्हणजे पाण्यातला खडा. ती दोन्ही कानांवरून जवळजवळ सारखीच निघून जाते. त्यातून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मजली घरं, भिंतींवरून परतणारे पडसाद. दिशा कळणार कशी? आणि दिशा कळली नाही की माणूस वर बघतो, कारण मोकळी जागा तेवढीच असते. गडगडाट म्हणजे आभाळातला, हे तर आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. वर म्हातारी हरभरे भरडतेय, असं आजीने सांगितलेलं असतंच.

म्हणून 'आभाळात आवाज झाला' असं कुणी म्हटलं की आता मी आभाळ हा शब्द जरा बाजूला ठेवते. आवाज झाला, एवढं खरं.

आईचं खाली बघणं मात्र कानांच्या अंतराने समजणारं नव्हतं.

१९९३ च्या सप्टेंबरात मी सहावीत होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं, मिरवणूक बघून आम्ही उशिरा झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. सोलापूरपासून ते गाव शंभर किलोमीटरच्या आत आहे. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली दाबाची, खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणारी. दुसरी आडवी हलवणारी, साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाची. आमच्या घरापर्यंत पोचताना या दोघींत दहा-एक सेकंदांचं अंतर पडलं असणार. आई आजही सांगते, "आधी घुमलं, मग हललं." त्या मधल्या काही सेकंदांत तिने मला आणि धाकट्याला उचलून दारापर्यंत आणलं होतं. मला आठवतात ती मांडणीवरून पडणारी भांडी आणि वडिलांचं अनवाणी रस्त्यावर उभं राहणं.

दिवस उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. मग जखमींच्या गाड्या. त्या पहाटे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, झोपेत. आमच्या गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस चुली विझू दिल्या नाहीत. कडक भाकरी आठवडाभर टिकते, म्हणून तीच करायची ठरलं. बरोबर शेंगाचटणी बांधली. वडील त्या गाठोड्यांबरोबर टेम्पोतून गेले आणि परत आल्यावर त्यांनी तिथलं काहीही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात आईने पेले रचले. जमीन हलली तर ते पडतील, स्टीलचा आवाज होईल, सगळे जागे होतील. वडील गेले, धाकटा पुण्याला गेला, घराची फरशी बदलली. पेले तिथेच आहेत.

जमिनीचा आवाज कानाला ऐकू येतो, यात गूढ काही नाही, हे मला फार उशिरा कळलं. दाबाची लाट जमिनीच्या पृष्ठभागावर येते तेव्हा जमीन ढोलाच्या कातड्यासारखी होते आणि वरची हवा हलवते. लाटेतली कंपनं सेकंदाला वीसच्या वर असतील तर आपल्याला ती ऐकू येतात. धक्का उथळ असेल, खडक घट्ट असेल, तर कंपनं वाटेत जिरत नाहीत. आपल्याकडचा काळा पाषाण त्याला सोयीचा. म्हणून कधी कधी इतका लहान धक्का असतो की हादरा कुणाला जाणवत नाही, पण 'धुम्म' असा आवाज गावभर ऐकू येतो. कोयनेचा जलाशय १९६२ नंतर भरू लागला तेव्हा तिथल्या लोकांना धक्क्यांबरोबर सुरुंग उडाल्यासारखे आवाज ऐकू येत. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. हिंगोलीत, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीतून येणाऱ्या आवाजांची कित्येक वर्षांची ओळख आहे, आणि २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये त्या भागात साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. किल्लारीतही मोठ्या धक्क्याच्या आधी, १९९२ मध्ये, लहान धक्क्यांची मालिका झालेली होती.

तेव्हा आई वेडी नाही. ती फरशीकडे बघते ते अनुभवाने.

तरीही त्या रात्रीचा आवाज जमिनीतला नसावा, असं मला वाटतं. पेले पडले नाहीत हे एक कारण झालं, पण ते पुरेसं नाही. अगदी लहान धक्क्याने पेले पडणारही नाहीत. दुसरं कारण अधिक वजनाचं. अशा लहान उथळ धक्क्याचा आवाज आखूड असतो, एक ठोका पडल्यासारखा, आणि पायाला खालून काहीतरी लागल्यासारखं वाटतं. आमचा आवाज रेंगाळला होता. त्यात तावदानं वाजली, फरशी नाही. सकाळी मी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं ॲप उघडून पाहिलं. सोलापूरच्या आसपास त्या वेळेची नोंद नव्हती. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि म्हणाली, "लिहायचं राहिलं असंल."

मग विमान? त्या मुलाचं म्हणणं मी पहिल्या रात्री उडवून लावलं होतं. आता तसं करत नाही.

२० मे २०२० च्या दुपारी बेंगळुरूच्या मोठ्या भागात असाच आवाज झाला होता. टाळेबंदीचे दिवस, रस्ते शांत, आणि अचानक धडाका, खिडक्या हादरल्या. लोकांना भूकंप वाटला. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने सांगितलं की भूकंपमापकांवर काहीही उमटलेलं नाही. मग संध्याकाळी संरक्षण खात्याकडून खुलासा आला: हवाई दलाच्या विमानाची नेहमीची चाचणी होती, विमान शहरापासून दूर, ठरवून दिलेल्या हद्दीत होतं, आणि ३६,००० ते ४०,००० फुटांच्या दरम्यान ध्वनीपेक्षा जास्त वेगातून कमी वेगात येताना तो आवाज झाला असावा. त्याच खुलाशात असंही होतं की विमान ऐकणाऱ्यापासून ६५ ते ८० किलोमीटर लांब असलं तरी हा आवाज ऐकू येऊ शकतो.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ऐंशी किलोमीटर! म्हणजे इथे अशोक चौकात खिडकी वाजावी आणि विमान पार पंढरपूरच्याही पलीकडे असावं.

आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, तासाला सुमारे १,२०० किलोमीटर. विमान त्याहून हळू असेल तर त्याचा आवाज त्याच्या पुढे धावतो, आपल्याला चाहूल लागते. ते त्याहून वेगात गेलं की त्याने हवेला दिलेले धक्के एकमेकांवर चढत जातात. कंबर तलावात कधीकाळी होडी चालायची तेव्हा तिच्या नाकापासून दोन बाजूंना फाकत जाणारी लाट मी पाहिली आहे. होडी पुढे निघून जाते, काठावर बसलेल्याच्या पायाला लाट मागाहून लागते. तसंच हे. विमान मर्यादा ओलांडतं त्या क्षणीच आवाज होतो असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. विमान त्या वेगात असेपर्यंत ती लाट त्याच्या मागून जमिनीवर फरफटत येते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला एकेकदा लागते. जवळ असेल तर 'धाड-धाड' असे दोन ठोके. लांब असेल तर हवेच्या वेगवेगळ्या थरांतून वाकत, मोडत, वेगवेगळ्या वाटांनी येताना ते ठोके पसरतात आणि गडगडाट होऊन पोचतात. पुण्याला लोहगावात लढाऊ विमानांचा तळ आहे, बीदरला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सोलापूर या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं.

ढगावर औषध मारणाऱ्या विमानाचं मात्र सोडून द्यायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात तो प्रयोग केला होता, आपला भाग पर्जन्यछायेतला म्हणून. ती पंख्याची छोटी विमानं होती, आणि ढग असतानाच उडायची. जानेवारीच्या चांदण्यात त्यांचं काय काम?

उल्केचाही विचार करून पाहिला. रशियात चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला, जमिनीपासून तीस-एक किलोमीटर उंचीवर. आधी सूर्याहून प्रखर उजेड. आवाज दोन मिनिटांहून अधिक वेळाने आला. तेवढ्या वेळात लोक 'काय चमकलं' ते बघायला खिडक्यांपाशी जमले होते, आणि तेवढ्यात धक्क्याची लाट येऊन काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, त्यातली बरीचशी त्या काचांनी. हे वाचल्यापासून मी घरात आणि गल्लीत सगळ्यांना सांगते: आभाळात काही मोठं चमकलं तर खिडकीपासून लांब व्हा आणि थांबा, आवाज मागाहून येतो. आपल्याकडेही २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे रांगेने जाताना लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांचं मत पडलं. पण आमच्या रात्री उजेड कुणीच पाहिला नाही. गल्लीच्या टोकाला दूधवाला जागा होता, रखवालदार जागा होता. आभाळ स्वच्छ होतं.

याच वाचनात मला बरिसालच्या तोफा भेटल्या. हे गाव आताच्या बांगलादेशात, गंगेच्या मुखाजवळ. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक आणि इंग्रज अधिकारी समुद्राच्या बाजूने तोफा डागल्यासारखे आवाज ऐकत. तोफ कुठेच नसायची. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने १८९५ मध्ये 'नेचर' नियतकालिकाला त्याबद्दल पत्र लिहिलं होतं, आणि बेल्जियमच्या किनाऱ्यावर ऐकू येणारे तसलेच आवाज त्याच्या शेजारी ठेवून पाहिले होते. कुणी म्हणालं लाटा, कुणी म्हणालं भूकंप, कुणी म्हणालं दूरची वीज. एक उत्तर सगळ्यांना पटेल असं निघालं नाही. मला यातली एक गोष्ट फार आवडली: ज्यांनी ऐकलं त्यांना शोध घेणाऱ्यांनी खोटं ठरवलं नाही. नावं, तारखा, वेळा लिहून घेतल्या.

आणि शेवटी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रात्रीच्या हवेने.

दिवसा जमीन तापलेली असते. खाली गरम हवा, वर जावं तसतशी गार. गरम हवेत आवाज जलद धावतो, त्यामुळे जमिनीलगत निघालेला आवाज हळूहळू वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. थंडीच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हे उलटं होतं. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार पडते आणि तिच्यावर गरम हवेचं पांघरूण तयार होतं. मग वर निघालेला आवाज त्या पांघरुणाला लागून खाली वळतो, जमिनीवरून परततो, पुन्हा वळतो. दिवसा दोन किलोमीटरवर विरणारा आवाज रात्री कितीतरी पुढे येऊन पडतो.

हे समजल्यावर माझ्या लहानपणापासूनच्या किती रात्री उलगडल्या! हिवाळ्यात आमच्या घरी रेल्वेची शिट्टी अशी ऐकू येते की गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे असं वाटावं. मे महिन्यात दुपारी ती येत नाही. होटगीकडे मालगाडी सुटते तेव्हा आधी इंजिन ओढतं, मग पहिल्या डब्याची साखळी ताणली जाते, मग दुसऱ्याची, असा तो खणका इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत पळत जातो. पन्नास डब्यांचे पन्नास खणके. लांबून ऐकलं की सलग गडगडाट. बोअर मारणारी गाडीही तशीच. रात्रभर तिचा कॉम्प्रेसर घुमत असतो आणि दूरच्या शेतातला बोअर आपल्या उशाशी चालू आहे असं वाटतं. वीजकेंद्रात जादा वाफ सोडतात तो फूत्कार, दगडखाणीचा सुरुंग, हायवेच्या पुलाच्या जोडावरून जाणारा ट्रेलर. यातलं काहीही, योग्य थंडीत, आभाळातून आल्यासारखं ऐकू येऊ शकतं.

इथे मला माझ्या मामांची आठवण सांगायचीच आहे. मामा सोलापूरजवळच्या नान्नजचे. त्यांच्या लहानपणी माळावर माळढोक भरपूर होते. पुढे १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर टाकतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच त्याला काही ठिकाणी हूम म्हणतात. मामा सांगायचे, पहाटे पहाटे माळ घुमायचा आणि पोरांना वाटायचं, भुईच बोलतेय. त्यांच्या वडिलांनी एकदा त्यांना खांद्यावर घेऊन नेलं आणि लांबून तो पक्षी दाखवला. "त्यानंतर कधी भ्यालो नाही," मामा म्हणायचे. आता तो माळ गप्प आहे. पक्षी जवळजवळ दिसेनासाच झाला, आणि तो आवाज ओळखणारी माणसंही थोडी उरली.

अण्णांशी बोलताना हाच धागा परत हाताला लागला. अण्णा जुन्या मिलमध्ये होते. १८७७ ची ती गिरणी. त्यांच्यासाठी रात्रीच्या मोठ्या आवाजाचा अर्थ बॉयलर हाच, कारण तरुणपणी त्यांना भीती होती ती त्याचीच. पण त्यांनी सांगितलेलं भोंग्यांचं मला जास्त लक्षात राहिलं. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे व्हायचे. कुठला भोंगा कुठल्या मिलचा हे पोरंसुद्धा आवाजावरून सांगत. भोंग्यावर बायका चूल पेटवत, भोंग्यावर शाळेला पोरं निघत. "आवाज केवढा मोठा होता माहितीये? तान्ही पोरं त्यात झोपायची," अण्णा म्हणाले. "कारण त्येला धनी होता. कोण वाजवतंय, कशाला वाजवतंय, सगळ्यांना ठाऊक."

त्या रात्री गल्लीत आम्ही सगळे तेच करत होतो: आवाजाला धनी शोधत होतो. आणि प्रत्येकाने आपल्या घरचाच धनी आणून उभा केला. अण्णांनी बॉयलर, त्या मुलाने मोबाइलवर पाहिलेलं जेट, काकूंनी गड्डा, आईने किल्लारी. आवाज एकच होता, वीस सेकंदांचा. त्यात तीस वर्षं मावली. हे मला चूक वाटत नाही. पण सकाळपर्यंत प्रत्येकाच्या सांगण्यात आवाजच बदलून गेला होता. अण्णांच्या गोष्टीत एकच मोठा स्फोट झाला, मुलाच्या गोष्टीत दोन ठोके आले, काकूंना आता उजेडही आठवू लागला. दुपारपर्यंत कुणाकडेही मूळ आवाज उरला नव्हता. त्याचं मला वाईट वाटलं. हिशेबात मी कधीही आधी बेरीज लिहून मग रकमा भरत नाही.

म्हणून मी दोनशे पानी वही आणली आणि हिशेबाच्या वहीसारख्या रेघा मारल्या. तारीख. वेळ. किती सेकंद. खिडकी वाजली का. पेले. आभाळ. वारा. कुठे उभं राहून ऐकलं. शेवटचा रकाना 'कशाचा असेल', आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीच भरायचा, रात्री नाही. पहिली ओळ त्या रात्रीची लिहिली. कशाचा असेल या रकान्यात 'लांबचं विमान' लिहिलं, कारण तावदानं तशी वाजली, आवाज दोनदा फुगला आणि जमीन गप्प होती. त्या रात्रीची थंड हवा तो लांबून आणायला चांगली होती. कुणी अधिक चांगलं कारण दाखवलं तर खोडायची माझी तयारी आहे. म्हणून शिसपेन्सिलीने लिहिलंय.

वही दाराजवळच्या स्टुलावर, टॉर्चशेजारी ठेवली. पुढच्या महिनाभरात माझ्या हातून तीन-चार नोंदी झाल्या. दोनदा मालगाडी. एकदा बोअर. मग मार्च आला, वर्षअखेरीची कामं सुरू झाली आणि मी ती वही विसरले.

परवा टॉर्चचे सेल बदलायला गेले तेव्हा उघडली. माझ्या नोंदींखाली आईचं अक्षर होतं. सातवीपर्यंत शिकलेलं, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ ओढणारं. तिने माझे रकाने तंतोतंत पाळले होते. तारीख, वेळ, सेकंद, खिडकी, पेले, आभाळ, वारा. सगळी पानभर. पण वेळेच्या रकान्यात रोज जवळजवळ एकच वेळ होती: ३.५०, ३.५५, ३.५२, ३.५६. आणि त्यापुढे, एकाही दिवसाचा खाडा न करता: 'आवाज नाही. खिडकी नाही. पेले आहेत.'

पान भरत आलं होतं, शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. मी पट्टी घेतली आणि पुढच्या पानावर तिच्यासाठी रेघा मारून ठेवल्या.